ओरखडा जावा, पॉलिश राहावं: जुन्या लाकडी फर्निचरची डागडुजी

ओरखडा होता दोन बोटं लांब. तो घालवायच्या नादात मी वीतभर पॉलिश उडवलं. लिहायचं जुनं टेबल, गडद तपकिरी, वरच्या फळीवर एकच पांढरी रेघ. म्हटलं, बारीक पॉलिशपेपर फिरवला की झालं. दहा-बारा हात मारले, रेघ खरंच गेली आणि तिच्या जागी फिकट पिवळ्या लाकडाचा एक डोळा उघडा पडला. आधी ती रेघ शोधावी लागायची. आता टेबलाकडे बघितलं की आधी तो डोळाच दिसायचा. त्याचा रंग जुळवण्यात पुढचे चार रविवार गेले.

लाकडावरचा पॉलिशचा थर बहुतेक वेळा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा असतो, पुष्कळदा त्याहूनही पातळ. कडा आणि कोपऱ्यांवर तर सगळ्यांत पातळ. जुन्या फर्निचरचा जो रंग आपल्याला आवडतो तो या थरात आणि त्याच्या लगेच खालच्या लाकडात मुरलेला असतो. वर्षानुवर्षांचा उजेड आणि हातांचा वावर यांनी आलेला. घासून काढला की तो डब्यातून परत आणता येत नाही. म्हणून काम ओरखड्याच्या आत करायचं आणि शेजारच्या पॉलिशला होता होईल तो हात लावायचा नाही. सगळं पॉलिश खरवडून नव्याने चढवण्याची वेळ फार थोड्या वस्तूंवर येते.

आधी नीट बघा

रेघ, ओरखडा, चरा, खाच, पोचा, टवका. आपल्याकडे इतके शब्द आहेत ते उगाच नाहीत. या लेखापुरते मी ते असे वापरतो: रेघ म्हणजे नखाला न लागणारी, वरच्यावर असलेली. ओरखडा नखाला जेमतेम जाणवतो; पॉलिश फाटलंय, पण रंग शाबूत आहे. चऱ्यात नख अडकतं आणि आत उघडं, फिकट लाकूड दिसतं. खाचेत लाकूडच गेलेलं असतं. पोच्यात लाकूड दबलेलं असतं, तुटलेलं नाही. आणि टवका म्हणजे कडेचा उडालेला तुकडा. यातलं तुमच्यासमोर काय आहे ते ठरेपर्यंत हातात काहीच घेऊ नका.

खोलीतला दिवा मालवा आणि टॉर्च फळीवर जवळजवळ आडवी धरा. वरून पडणाऱ्या उजेडात न दिसणारे खड्डे-उंचवटे लगेच सावल्या टाकतात. मग कान साफ करायच्या काडीचं टोक मिनरल टर्पेंटाइनमध्ये बुडवून ओरखड्यावरून फिरवा. ओलं असेपर्यंत ओरखडा दिसेनासा झाला, तर फक्त पॉलिश फाटलं आहे; तिथे पारदर्शक काहीतरी भरलं की काम होतं, रंगाची भानगड नाही. ओलं असतानाही फिकट रेघ दिसत राहिली, तर रंग गेला आहे. काळी दिसली, तर आत मळ बसला आहे.

ही परीक्षा चालते कशी? काचेचा चुरा पांढरा दिसतो, पण त्यावर पाणी ओतलं की जवळजवळ पारदर्शक होतो. ओरखड्याचंही तेच. फाटलेल्या कडा प्रकाश विखुरतात म्हणून तो पांढरा दिसतो, आणि पॉलिशसारखाच प्रकाश वाकवणारा द्रव आत भरला की विखुरणं थांबतं. अक्रोडाचा गर चोळला की ओरखडा जातो हा प्रसिद्ध उपाय याच तत्त्वावर चालतो: गरातलं तेल फटीत बसतं. खोटा नाही, पण तात्पुरता आहे. न सुकणारी खाद्यतेलं मात्र चोळू नका. ती चिकट राहतात, धूळ धरतात आणि पुढच्या दुरुस्तीत आडवी येतात.

वर कुठलं पॉलिश आहे?

हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात, आणि सगळी पुढची दिशा त्यावर ठरते. पायाची मागची बाजू किंवा फळीची खालची बाजू अशी झाकली जागा निवडा. तिथलं मेण टर्पेंटाइनने पुसून घ्या. काडीने स्पिरिटचा एक थेंब ठेवा आणि मिनिटभर थांबा. औषधाच्या कपाटातलं नव्हे, पॉलिशकामाचं स्पिरिट. पाणी किंवा तेल मिसळलेलं इथे चालत नाही. जागा चिकट झाली, काडीला तपकिरी रंग लागला, तर तो चपडा, म्हणजेच शेलॅक. लाखेच्या किड्यांनी फांद्यांवर केलेली राळ स्पिरिटमध्ये विरघळवून हे पॉलिश होतं. फ्रेंच पॉलिश म्हणतात ते हेच. स्पिरिटने काही झालं नाही, तर दुसऱ्या जागी लॅकर थिनरचा थेंब. त्याने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद दिली नाही तर व्हार्निश, पॉलियुरेथेन किंवा मेलामाइन. आणि थेंब वर थांबलाच नाही, लगेच लाकडात मुरला, तर बहुधा नुसतं तेल किंवा मेण आहे.

वस्तूच्या वयावरूनही अंदाज येतो. नायट्रोसेल्युलोज लॅकर कारखान्यांत रुळलं १९२० च्या दशकात, आणि पॉलियुरेथेन त्याच्या बरंच नंतर. पण जुन्या वस्तूला मधे कोणी दुसरा हात दिलेला असू शकतो, त्यामुळे वयापेक्षा थेंबावर विश्वास ठेवा. जुना रंग लावलेल्या वस्तूचा विचार वेगळा करावा लागतो: जुन्या रंगांत शिसं असायचं. तिथे कोरडा पॉलिशपेपर चालवू नका.

या सगळ्यात खिडक्या उघड्या, आणि जवळ शेगडी, उदबत्ती, सिगारेट काही नको.

धुऊन घ्या, मग मोजा

कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब, कापड घट्ट पिळून, लाकडाच्या धाग्यांच्या दिशेने. लगेच कोरड्या कापडाने पुसायचं. चपड्यावर पाणी रेंगाळलं की पांढरा धुरकट डाग येतो. मग टर्पेंटाइनच्या कापडाने जुनं मेण काढा. कापड तपकिरी-काळं होत राहील, ते होईनासं होईपर्यंत. एवढ्यानेच अर्धे ‘ओरखडे’ नाहीसे होतात, कारण ते मेणात आणि मळात होते.

चकाकी आणणारे फवारे वर्षानुवर्षं मारले असतील तर जास्त काळजी घ्या. त्यातल्या अनेकांत सिलिकॉन असतं आणि त्यावर नवं पॉलिश माशाच्या डोळ्यांसारखे गोल गोल खड्डे करून मागे सरकतं. दोन-तीनदा नव्या कापडाने टर्पेंटाइन फिरवा.

नुसती रेघ असेल तर

मेण. बस्स. सगळ्यांत बारीक, चार शून्यांचं स्टील वूल घ्यायचं, त्याला बोटभर मेण लावायचं आणि धाग्यांच्या दिशेने, हाताचं नुसतं वजन टाकून फिरवायचं. दहा मिनिटांनी मऊ कापडाने चमकवायचं. गडद लाकडाला गडद मेण वापरा. पांढरं मेण छिद्रांत अडकतं आणि सुकल्यावर पांढऱ्या ठिपक्यांसारखं दिसतं. तपकिरी बूटपॉलिश चालतं का? चालतं. तेही मेण आणि रंगच आहे.

मेण घरी करायचं असेल तर मधमाश्यांचं मेण १ भाग आणि टर्पेंटाइन ३ भाग, वजनाने. मेण किसून झाकणाच्या बरणीत टर्पेंटाइनमध्ये घालून ठेवा, अधूनमधून ढवळा. दिवस-दोन दिवसांत लोण्यासारखं होतं. गॅसवर वितळवायची घाई नको, टर्पेंटाइनची वाफ सहज पेट घेते.

चपडा असेल तर तुमचं नशीब

कारण हे पॉलिश कितीही जुनं झालं तरी बहुधा स्पिरिटमध्ये पुन्हा मऊ होतं. बारीक कुंचला स्पिरिटमध्ये बुडवा, कागदावर टेकवून जवळजवळ कोरडा करा आणि ओरखड्याच्या लांबीने एकदाच ओढा. एकदाच. फाटलेल्या कडा विरघळून एकमेकींत मिसळतात आणि रेघ डोळ्यांदेखत मिटते. नाही मिटली तर अर्धा तास थांबून पुन्हा. लगेच दुसरा हात मारला तर मऊ झालेलं पॉलिश कुंचल्याबरोबर ओढलं जातं आणि रेघेचं ओघळात रूपांतर होतं.

वरून चकाकी सारखी करायला पातळ चपडा लागतो: १०० मिली स्पिरिटमध्ये १० ते १२ ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून, गाळून. तो लावायचा कापसाच्या पुरचुंडीने. अक्रोडाएवढा कापसाचा गोळा, त्यावर अनेकदा धुतलेल्या सुती कापडाचा तुकडा, वर पीळ घालून शेपटी. तळाला एकही सुरकुती नको. सुरकुतीचा ओरखडा पडतो, म्हणजे पुन्हा मूळपदावर. चपडा आतल्या कापसाला पाजायचा, कापड वरून बुडवायचं नाही. तळाला जवसाच्या तेलाचा एक ठिपका. हातावर टेकवून बघा: ओलसर वाटावी, ठिबकू नये.

आता खरी मेख. पुरचुंडी फळीवर ठेवायची नसते, ती चालत्या हातानेच येते आणि चालत्या हातानेच सुटते. मधे क्षणभर जरी थबकलात तरी खालचं मऊ पॉलिश कापडाला चिकटतं आणि उचलताना साल निघावी तसं निघतं. कापडाच्या विणीचा छाप मागे राहतो तो वेगळाच. आधी टाकाऊ फळीवर दहा मिनिटं हात बसवा. पाच-सहा फेऱ्या झाल्या की थांबा, तासभर वाळू द्या, मग पुढच्या.

कालवलेला चपडा फार टिकत नाही. सहा महिन्यांवरचा असेल तर काचेवर एक थेंब टाकून ठेवा. दुसऱ्या दिवशी नखाने दबत असेल तर तो फेकून द्या. फर्निचरवरही तो तसाच चिकट राहणार.

ओरखडा: थेंबाथेंबाने भरणी

लॅकर, व्हार्निश, पॉलियुरेथेनवरच्या ओरखड्यांना माझा हा आवडता उपाय. वेळ खातो, पण चुकायला वाव कमी. लॅकरवर लॅकर, व्हार्निशवर व्हार्निश. ओळख पटली नसेल तर मेण काढलेला चपडा. तो जवळजवळ कशावरही धरतो. साध्या चपड्यात स्वतःचं थोडं मेण असतं आणि त्यावर पॉलियुरेथेन नीट चिकटत नाही, म्हणून मेण काढलेलाच घ्या.

ओरखडा टर्पेंटाइनने साफ करून पूर्ण वाळू द्या. फळी आडवी, समपातळीत हवी. दात कोरायच्या काडीचं टोक पॉलिशमध्ये बुडवा, थेंब ओरखड्याच्या एका टोकाला टेकवा आणि तो आपोआप पुढे ओढला जाऊ द्या. कडेबाहेर सांडलं तर बोटाने पुसायला जाऊ नका, वाळू द्या. वाळताना थेंब आक्रसतो आणि मधे खळगा पडतो, म्हणून दुसरा, तिसरा. चपडा आणि लॅकरला दोन थेंबांत काही तास, व्हार्निशला पूर्ण दिवस. भरणी फळीच्या वर केसभर उठून दिसली की थांबा आणि आठवडाभर त्या वस्तूकडे बघूसुद्धा नका. अर्धवट वाळलेली भरणी घासली की नंतर ती बसते आणि रेघ पुन्हा उमटते.

उंचवटा उतरवायला दाढीचं सरळ पातं घ्या आणि त्याच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा एकेक वेढा द्या. हे वेढे शेजारच्या पॉलिशवरून घसरतात आणि मधलं उघडं पातं चिकटपट्टीच्या जाडीएवढं अधांतरी राहतं, त्यामुळे ते वर उठलेल्या भरणीलाच लागतं. पातं जरासं पुढे वाकवून आपल्याकडे ओढा. आधी भुकटी निघते, मग भरणी चिकटपट्टीच्या उंचीवर आली की काहीच निघेनासं होतं. उरलेला पापुद्रा खोडरबराच्या तुकड्याला गुंडाळलेल्या ६०० नंबरच्या ओल्या पॉलिशपेपरने, साबणाच्या पाण्यावर. रबर ओरखड्याहून फार रुंद नको. चपड्यावर पाण्याऐवजी टर्पेंटाइन.

शेवटी ती जागा निस्तेज दिसेल. आजूबाजू मंद चमकीची असेल तर चार शून्यांचं स्टील वूल आणि मेण, आरशासारखी असेल तर सिलिकॉन नसलेलं रबिंग कंपाउंड. ओकसारख्या, टॅनिन हे तुरट द्रव्य असलेल्या लाकडावर स्टील वूल आणि पाणी मात्र एकत्र आणू नका. लोखंडाचे कण छिद्रांत अडकतात आणि काळे डाग देतात.

चरा: इथे रंग लागतो

बहुतेकांची चूक इथेच होते, माझी झाली तशी. उघड्या लाकडाला थेट रंग लावला की तुटलेले धागे तो शोषून घेतात आणि फिकट चऱ्याच्या जागी काळी रेघ येते. ती पुसता येत नाही. म्हणून आधी पातळ चपड्याचा एक हात फक्त चऱ्याच्या आत. तो वाळला की रंग त्याच्यावर बसतो, लाकडात शिरत नाही, आणि पसंत पडला नाही तर पुसताही येतो.

रंग कोरडा बघून जुळवू नका. ओला असताना जसा दिसतो तसाच तो वरच्या पॉलिशखाली दिसणार. बर्न्ट अंबर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि काळ्याचं एक टोक, एवढ्या रंगांच्या भुकट्यांत बहुतेक तपकिरी छटा निघतात. पातळ चपड्यात कालवा आणि शून्य नंबरच्या कुंचल्याने लावा. आधी आजूबाजूची सगळ्यांत फिकट छटा, मग त्यावर गडद धागे. चऱ्याच्या लांबीने एकसलग रेघ ओढली तर डोळा ती बरोबर पकडतो. लाकडाचे धागे चऱ्याला आडवे असतील तर कुंचलाही आडवाच, तुटक, छोट्या फटकाऱ्यांनी. चरा धाग्यांच्या दिशेनेच असेल तर काम सोपं. किंचित गडद झाला तरी तो धाग्यांत खपून जातो.

आणि रंग जुळवायचा तिथेच, जिथे ती वस्तू उभी राहणार आहे. खिडकीच्या उजेडात जुळलेला तपकिरी दिव्याखाली हिरवट निघालेला मी पाहिला आहे. रंग वाळला की वरून थेंबाथेंबाची भरणी, वर सांगितली तशीच.

खाच आणि टवका

भुसा आणि गोंद कालवून खाच भरायचा सल्ला सर्रास मिळतो. मी तो मानत नाही. मिश्रण वाळल्यावर गडद, मेलेल्या रंगाचं होतं आणि त्यावर काही चढत नाही. तयार लांबीही (खाचा भरायची पुटी) सपाट दिसते, पण तिच्यावर निदान कुंचल्याने धागे काढता येतात.

कमी वापराच्या पृष्ठभागावर, म्हणजे कपाटाचं दार, खुर्चीची पाठ, मेणकांडी उत्तम. दोन-तीन छटांच्या कांड्या मिसळून, बोटांत मऊ करून खाचेत दाबायच्या आणि जादा मेण प्लास्टिकच्या जुन्या कार्डाने, धाग्यांच्या दिशेने खरवडायचं. मेणाच्या वर पॉलिश धरत नाही, त्यामुळे पॉलिशचं काम असेल तर ते आधी. टेबलाच्या फळीवर साधं मेण टाळा: मधमाश्यांचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, गरम कपाखाली ते मऊ पडणारच. तिथे कार्नौबा हे कठीण वनस्पतिजन्य मेण असलेली कांडी घ्या, ती ८० अंशांच्या पुढे वितळते.

कडेचा टवका सापडला असेल तर तोच परत चिकटवा, त्याच्याइतका जुळणारा रंग दुसरा नाही. हरवला असेल तर दोन भागांचं इपॉक्सी, बाहेरून चिकटपट्टीची भिंत करून. ते अर्धवट घट्ट झालेलं असताना सुरीने कापून आकार देता येतो, पूर्ण वाळल्यावर जिकिरीचं होतं.

पोचा

दबलेले धागे पाण्याने आणि उष्णतेने फुगून वर येतात. सुईने पोच्याच्या तळाशी पॉलिशला चार-पाच भोकं पाडा, गरम पाण्याचा थेंब ठेवून पंधरा मिनिटं मुरू द्या. मग ओल्या कापडाची घडी आणि तिच्यावर इस्त्रीचं टोक, चार-पाच सेकंद. उचला, बघा, पुन्हा. चपडा इथे पांढरा पडेल. वाळल्यावर स्पिरिटच्या जवळजवळ कोरड्या पुरचुंडीने तो पुष्कळदा परत येतो. धागे तुटलेले असतील तर मात्र वाफेचा उपयोग नाही.

फळीच्या कडेला वाकून बघा. वरचे धागे कडेवरून खाली जाताना दिसत नाहीत आणि एक पातळ थर वेगळा दिसतो, तर ते व्हीनियर आहे. जुनं व्हीनियर सरसाने चिकटवलेलं असतं आणि सरस ओलसर उष्णतेने सुटतो. तिथे इस्त्री नको, पोचा राहू द्या. वस्तू खरोखरच दुर्मीळ असेल तर यातलं काहीच नको, फक्त धूळ पुसा आणि जाणकाराला दाखवा.

जवसाचं किंवा इतर सुकणारं तेल लागलेली कापडं चुरगाळून टोपलीत टाकू नका. तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. एकेक कापड बाहेर मोकळं पसरून वाळवा, किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

महिन्याभराने पुन्हा एकदा दिवा मालवून टॉर्च आडवी धरा. भरणी थोडी बसलेली असतेच, केसभर खळगा दिसतो. तो दिसण्यासाठी टॉर्चच लागत असेल तर तसाच ठेवा. नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तर काडीच्या टोकावर आणखी एक थेंब.